गोपिकाबाईंचा नकार

डॉक्टरांना बोलायला शिकवावं लागतं असं कोणी नागपूरच्या तांडापेठेत म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. डॉक्टर बोलतोच, आपण ऐकून घ्यायचं, अशी तिथली समजूत. पण त्याच तांडापेठेतल्या गोपिकाबाई पराते दर मंगळवारी दुपारी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेमकं हेच काम करीत. शिकाऊ डॉक्टरांसमोर त्या खुर्चीवर बसत, दवाखान्याची हिरवी चादर लेकरासारखी गुंडाळून मांडीवर घेत आणि कपाळाला आठ्या घालून म्हणत, "मी नाई देत माह्या लेकराले सुई. काय करता?"

समोरच्या डॉक्टरानं त्यांना लशीसाठी राजी करायचं, असा तो पाठ होता. गोपिकाबाई नकार इतका झकास देत की मेडिकल कॉलेजातल्या मुलांनी त्यांचं नावच 'नाही म्हणणारी मावशी' ठेवलं होतं. त्यांच्या नकलेची वाहवा व्हायची. ती नक्कल नव्हती, हे मात्र कोणाच्या गावीही नव्हतं. त्यांच्या घरी सुवर्णा नावाची सहा-सात महिन्यांची नात होती आणि त्या नातीला गोपिकाबाईंनी एकही सुई टोचू दिली नव्हती.

हे असं का, ते कळायला बरंच मागं जावं लागेल.

गोपिकाबाई लग्न होऊन तांडापेठेत आल्या तेव्हा गल्लीत घरोघरी हातमाग होते. पहाटेपासून खटखट सुरू व्हायची. तिथली लेकरं त्या आवाजात गाढ झोपत आणि माग थांबला की दचकून उठत. नवरा महादेवराव नऊवारी लुगडी विणायचा, गठ्ठा डोक्यावर घेऊन गांधीबागेच्या कापडबाजारात व्यापाऱ्याकडं टाकून यायचा. गोपिकाबाई मागासाठी कांड्यांवर सूत भरून द्यायच्या. पहिली मुलगी झाली, तिचं नाव जयवंता. ती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती तेव्हा गल्लीत देवी काढणारे आले, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणारे. त्यांनी जयवंताच्या दंडावर टोचलं. काही दिवसांनी तिथं फोड धरला, ताप भरला, पाठोपाठ हगवण लागली. वैशाखाचं ऊन. दवाखान्यात नेईस्तोवर पोर हातची गेली.

पुढं तोच टोचणारा माणूस राहिलेली घरं करायला पुन्हा गल्लीत आला. गोपिकाबाईंनी उंबऱ्यात उभं राहून त्याला विचारलं, "भाऊ, त्या टोचण्यानं गेली का माही पोरगी?"

तो उखडला. "अडाण्यासारखं बोलू नका बाई. लशीनं कोणी मरत नसते," म्हणाला आणि शेजारच्या दाराकडं वळला. त्या बिचाऱ्यालाही उन्हातान्हात अख्खी गल्ली उरकायची होती, आणि दारोदार शिव्या खाऊन तो आधीच कावलेला असणार. सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरं नव्हे. पण एका आईनं विचारलेला प्रश्न त्यानं तिथंच उंबऱ्यावर टाकून दिला, आणि तो उचलायला पुन्हा कोणी आलं नाही. घरात माग थांबवून कसं चालेल? चार दिवसांत खटखट सुरू झाली. सासू म्हणाली, रडू नको, दुसरं होईल. दुसरं झालंही. रुपरावच्या वेळी टोचणारे येणार अशी कुणकुण लागताच गोपिकाबाई त्याला घेऊन माहेरी निघून जायच्या. शेवटी शाळेत मास्तरांनी वर्गच्या वर्ग रांगेत उभा केला, तेव्हा त्याला टोचलं गेलं. त्या आठवड्यात गोपिकाबाईंच्या घशाखाली घास उतरला नाही.

पुढं महादेवराव छातीच्या आजारानं गेला. हातमागाचे दिवसही भरत आले होते. गोपिकाबाईंना दवाखान्यात आयाचं काम मिळालं आणि नशिबाची थट्टा अशी की त्यांची नेमणूक झाली लेकरांच्या विभागात, बुधवारी जिथं लस द्यायचे तिथंच. त्या रांग लावायच्या, लेकरांच्या आयांना दटावायच्या, रडणाऱ्या पोरांपुढं चुटक्या वाजवायच्या. "पुढं सरक वं माय, सगळ्यायचंच लेकरू रडते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुई टोचायच्या क्षणी त्या मान वळवून खिडकीकडं पाहायच्या. कोणाच्या लक्षात आलं नाही. आयाकडं इतकं निरखून पाहतो कोण?

आता यात डॉक्टर मधुकरराव उमाठे कसे आले ते सांगतो. उमाठे मूळचे नरखेड तालुक्यातले, संत्र्याच्या बागाईतदाराचा मुलगा. गावोगाव जाऊन रोग होण्याआधीच त्याला अडवायचं कसं, हा विषय ते कॉलेजात शिकवीत. माणूस तळमळीचा, डोक्यानं तल्लख, आणि आपण एकदा समजावून सांगितलं की लोकांना पटलंच पाहिजे अशी भाबडी श्रद्धा असलेला. आणीबाणी उठून वर्ष उलटल्यावर ते शिकाऊ डॉक्टरांना जीपमध्ये घालून स्वतःच्याच गावी लस द्यायला गेले. जीप थांबली, पोरं पहिल्या दारांत शिरली आणि बाप्ये संत्र्याच्या बागांत पळाले. त्या पळणाऱ्यांत उमाठ्यांचे सख्खे काका चंपतराव होते, आणि ज्या जीपला भिऊन काका पळत होते तिच्यात पुतण्या बसलेला होता. उमाठ्यांनी त्यांना बागेत गाठलं तेव्हा काका झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून धापा टाकत होते.

"काका, मी हाव गा. लेकरायले लस द्याले आलो."

"तू असशीन. पण तुह्यासंगचा तो पोट्टा दारात आल्या आल्या इचारते, लेकरं किती? मागच्या साली बी असंच इचारत होते. मंग उचलून नेत होते कापाले."

उमाठे चाटच पडले. कॉलेजच्या पोरांना तर शिकवलंच होतं, की घरात शिरल्यावर आधी मुलं किती ते विचारावं. नसबंदीच्या पथकांचा पहिला प्रश्नही तोच होता. लस कोणती, सुई कोणती, हे पुढचं ऐकायला माणूस थांबतोय कशाला? त्या दिवशी जीपमध्ये परत येताना उमाठ्यांनी ठरवलं, की या पोरांना सुई धरायला शिकवली तशीच जीभ धरायलाही शिकवायची.

सरावाला अडून बसणारी आई हवी होती. रांगेत आयांशी हुज्जत घालणाऱ्या गोपिकाबाई दर बुधवारी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा गोपिकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मी काय नाटकातली बाई हाव का साहेब?" पण साहेबांना नाही म्हणायची रीत नव्हती. त्या बसल्या खुर्चीवर. आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून उमाठे खूश झाले. "दुसऱ्याच्या लेकराले काय झालं त्याचं तुमाले काय वाटते? तुमी सुई टोचता अन् चालले जाता," असं त्या म्हणाल्या होत्या. उमाठ्यांना वाटलं, बाई काय हुबेहूब करते.

मग दर मंगळवारी गंमतच चालायची. कोणी सुरुवातच अशा मराठीतून करायचा की गोपिकाबाईंना एक शब्द कळू नये. कोणी धाक घालायचा, कोणी आपल्या आईची शपथ घ्यायचा. एक पठ्ठ्या तर नुसताच हसत राहिला, कारण घरी त्याला आई असं हसायला सांगायची म्हणे, चेहरा गोड दिसतो. उमाठे मागच्या बाकावरून चुका टिपायचे. गोपिकाबाई "बरं, आणते बुधवारी" म्हणाल्या की पोरगा पास. आणि गोपिकाबाईंचं मन मोठं. घामाघूम झालेला एखादा पोरगा दिसला की त्यांना रुपराव आठवायचा. त्या थोडं ताणायच्या आणि म्हणून टाकायच्या, "बरं बाप्पा, आणते बुधवारी." पोरं पेढे घेऊन यायची.

अशी वर्षं गेली. या काळात गोपिकाबाईंच्या कानावर लशीबद्दल जे जे पडलं ते नागपुरातल्या दुसऱ्या कोणत्या आईच्या कानावर पडलं असेल असं वाटत नाही. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, तिन्हींची माहिती त्यांना तोंडपाठ. तांडापेठेत बाया त्यांना विचारायला यायच्या, "तुमी दवाखान्यात आहा, देऊ का वं लेकराले?" आणि त्या "इचार काय करते, दे" म्हणून मोकळ्या व्हायच्या. रुपरावला मुलगी झाली, सुवर्णा, तेव्हा मात्र सगळी माहिती होती तिथंच राहिली. त्या मांडीवर नातीचा दंड चाचपायच्या आणि तो दंड त्यांना जयवंताचा वाटायचा.

सून प्रेमलता कामठीची, शिकलेली. तिनं दोनदा विषय काढला. पहिल्यांदा गोपिकाबाई म्हणाल्या, पोरीला सर्दी आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, दात येऊन राहिले. प्रेमलतेला वाटलं, सासू दवाखान्यातली, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ती गप्प बसली. कोणाला सांगावं तर सांगणार काय? जी बाई डॉक्टरांना शिकवते तीच घरात सुईला भिते, हे ऐकून लोक हसले असते. गोपिकाबाईंना त्या हसण्याची लाज वाटायची आणि त्या लाजेपायी भीती आणखी आत दडवावी लागायची.

त्या हिवाळ्यात उमाठ्यांची पोरं पुन्हा नरखेडकडं गेली. या वेळी कोणी मुलं किती विचारलं नाही. घरोघरी बसले, चहा घेतला, आणि प्रत्येक आईकडून "हो, आणते" मिळवून आले. ठरल्या दिवशी शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून बसले तर चार-दोन लेकरांपलीकडं कोणी फिरकलं नाही. बाया सकाळीच कापूस वेचायला निघून गेल्या होत्या.

उमाठे परत आले ते तोंड पाडून. दुपारी चहाचा कप घेऊन गोपिकाबाईंजवळ येऊन उभे राहिले.

"सगळ्या हो म्हणाल्या होत्या, मावशी. एकही नाही म्हणाली नाही. मग चुकलं कुठं?"

गोपिकाबाईंनी चादरीच्या घड्या करायला घेतल्या. काय चुकलं ते त्यांना चांगलं माहीत होतं. पण ते सांगायला तोंड उघडलं असतं तर स्वतःचंच पितळ उघडं पडलं असतं.

"वेचणीचे दिवस हायेत साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

"तेही आहेच. बरं, तुमच्या नातीचं काय? झाली ना सुरुवात?"

"आणते ना साहेब, बुधवारी."

"वा," म्हणून उमाठे निघून गेले. हा बुधवार ते तीन महिने ऐकत होते आणि त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला गल्लीत कांताबाईच्या नातवाला डांग्या खोकला लागला. पोरगं खोकायला लागलं की थांबायचंच नाही. तोंड काळंनिळं पडायचं, श्वास घेताना आत ओढल्यासारखा लांब आवाज निघायचा. तो आवाज चार घरं सोडून ऐकू यायचा. गोपिकाबाईंनी सुवर्णाला अंगणात आणणं बंद केलं. दार लावून घेतलं. पण लेकराला दाराआड किती दिवस ठेवणार? एकीकडं तो खोकला, दुसरीकडं ती सुई, आणि दोन्हींच्या मध्ये ही बाई, कोणाला एक अक्षर न सांगता. त्या दिवसांत त्या चिडचिड्या झाल्या. रांगेतल्या आयांवर उगाच खेकसायच्या.

तशातच शामला रेवतकरचा मंगळवार आला.

शामला काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तोंडी परीक्षेत तिची बोबडी वळायची. उमाठ्यांना तिच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. ती समोर येऊन बसली, साडीचा पदर दोनदा सारखा केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मागं पोरं खुसखुसली.

"मी नाई देत सुई," गोपिकाबाईंनी आपण होऊनच सुरुवात करून दिली. बिचारीला तेवढी मदत.

"बरं," शामला म्हणाली. मग अडखळत तिनं विचारलं, "याआधी कोणाला दिली होती का, मावशी? तुमच्या घरी?"

हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. सगळे लस काय करते ते सांगत आले होते. गोपिकाबाई तोंडात आलेलं ठरीव वाक्य बोलायला गेल्या आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"देल्ली होती. माह्या पोरीले."

"काय झालं तिला?"

गोपिकाबाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं. फोड, ताप, हगवण, वैशाखातलं ऊन, तो उंबऱ्यावरचा माणूस. बोलताना त्यांचा हात हिरव्या चादरीवरून फिरत होता. मागच्या बाकावर कोणीतरी हळूच म्हणालं, "आज मावशी रंगात आली आहे." शामला एकदाही मध्ये बोलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"नाव काय होतं तिचं?"

"जयवंता." हे नाव गोपिकाबाईंनी कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. रुपरावलासुद्धा बहिणीचं नाव ठाऊक नव्हतं. मग त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला. "बाई, सुईनं गेली का वं ती?"

उमाठे बाकावरून अर्धवट उठले. लस सुरक्षित आहे, हे इथं ठणकावून सांगायचं, असं त्यांनीच शिकवलं होतं.

"मला माहीत नाही, मावशी," शामला म्हणाली. "त्या लशीनं ताप यायचा हे खरं. हगवण उन्हाळ्याची असेल. मी तिथं असते तरी मला सांगता आलं असतं की नाही, देव जाणे. पण तुम्ही विचारलं होतं ते बरोबरच होतं. त्यानं तुम्हाला असं बोलायला नको होतं."

गोपिकाबाई उठल्या आणि चादर काखेत घेऊन बाहेर निघून गेल्या. त्यांनी "आणते बुधवारी" म्हटलंच नाही. त्या दिवशीच्या हिशेबानं शामला नापास होती.

व्हरांड्यात आयांना बसायचा लाकडी बाक होता. त्यावर गोपिकाबाई एकट्याच जाऊन बसल्या. थोड्या वेळानं शामला आली आणि न विचारता शेजारी बसली.

"मावशी, ते सरावाचं नव्हतं ना?"

"नाई."

"आता घरी कोण आहे लहान?"

"नात हाय. तिले काईच नाई देल्लं." त्या लादीकडं पाहत होत्या. "गल्लीत खोकला आला हाय बाई. मले सगळं समजते. मीच सगळ्यायले सांगते. पण हात पुढं होत नाई."

शामला सरळ सांगायला लागली. देवी काढणं आता बंद झालंय, तो रोगच देशातून गेला. ही लस वेगळी. हिच्यानंही ताप येतो, मांडी सुजते, पोर एक-दोन दिवस किरकिर करतं. क्वचित एखादं फारच किंचाळतं, आकडी येते. तसं झालं तर कोणत्याही वेळी घेऊन यायचं.

"साहेब तर तापाचं सांगू नका म्हणते ना पोरायले?"

"हो. सांगितलं की आया येत नाहीत, असं म्हणतात."

"मंग तुमी काहून सांगून राहिल्या?"

"घरी गेल्यावर ताप येणारच ना. तेव्हा तुम्हाला वाटेल, या बाईनं फसवलं."

"काई होणार नाई, असं म्हणा ना एकदा," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "म्हणा. मी आणते."

शामलेनं मान हलवली. "तसं मला म्हणता येत नाही, मावशी. खोकल्याचा धोका सुईच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. माझी भाची असती तर मी दिली असती. आणि दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी येईन. काय होतंय ते बघायला."

"घरी? तांडापेठेत?"

"येईन."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. गोपिकाबाईंनी त्या दिवशी सुटी टाकली आणि प्रेमलतेला घेऊन, नातीला छातीशी धरून, ज्या रांगेवर त्या हुकूम चालवायच्या तिच्याच शेवटाला येऊन उभ्या राहिल्या. फेरीवर आलेले उमाठे त्यांना तिथं पाहून थबकले.

"ही सुवर्णा? दुसऱ्या सुईला?"

"पयल्याच, साहेब." गोपिकाबाईंनी या वेळी मान खाली घातली नाही. "इतके दिवस मी तुमाले हो म्हणत होती, थे खोटं होतं. तुमी मोठे माणूस, तोंडावर नाई कसं म्हणाव? तिकडच्या बाया बी तशाच हो म्हणल्या असतीन."

प्रेमलता सासूकडं पाहतच राहिली. उमाठ्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. मग ते बाजूला झाले आणि आतल्या माणसाला म्हणाले, "हिला डॉक्टर रेवतकर देतील." सुई टोचली तेव्हा सुवर्णा कडकडून रडली. गोपिकाबाईंनी या खेपेस खिडकीकडं पाहिलं नाही. त्यांनी नातीची मांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

ताप संध्याकाळी चढला. सांगितल्याप्रमाणे चढला, मांडीवर गाठही आली. सकाळी रुपराव गांधीबागेतल्या दुकानात जायला निघाला तेव्हा आई पोरीच्या कपाळावर ओला फडका ठेवून भिंतीला टेकलेली होती. "आई, ताप येतोच म्हणतेत ना सगळे," तो म्हणाला. त्याला कसं कळणार? त्या नुसत्या हाताच्या तळव्यावर ताप मोजत होत्या, वाढला की उतरला. दुपार झाली. शामला आली नाही. प्रेमलतेनं ताट वाढलं ते तसंच झाकून ठेवावं लागलं. ऊन अंगणाच्या पलीकडच्या भिंतीवर गेलं, तरी कोणी आलं नाही. गोपिकाबाईंच्या मनात आलं, गोड बोलून गेली. टोचलं अन् चालली गेली. सगळे सारखेच. आपण इतक्या वर्षांनी पुन्हा फसलो, आणि या वेळी तर स्वतःच्या पायांनी जाऊन फसलो. त्यांना रागापेक्षा स्वतःची कीव आली.

तेवढ्यात दारात सायकल टेकल्याचा आवाज झाला. शामला. साडीच्या काठाला साखळीचं काळं वंगण, केस विस्कटलेले. वाट चुकून ती शेजारची अर्धी पाचपावली पालथी घालून आली होती. चपला काढून ती थेट पोरीजवळ आली, कपाळाला हात लावला, मांडी पाहिली, डोळे पाहिले. सुवर्णानं तिच्या मनगटातलं घड्याळ धरून ओढलं.

"उतरतोय, मावशी. अंग ओलसर लागतंय बघा."

गोपिकाबाईंनी हात लावून पाहिला. खरंच उतरत होता. शामला तिथंच जमिनीवर बसली आणि तिनं तोंडावरून दोन्ही हात फिरवले. कॉलेजातली भाषा तिच्या तोंडून गळून पडली.

"मले रातभर झोप नाई आली, मावशी," ती म्हणाली. "म्या तुमाले सगळं सांगतलं, अन् मंग मलेच भेव वाटे. सकाळपासून वॉर्डात कामं करून राहिली होती, पण जीव सारा इकडंच होता. या पोरीले काई झालं असतं तं मी तुमाले काय तोंड दाखवली असती?"

गोपिकाबाई तिच्याकडं पाहत राहिल्या. सुई टोचणाऱ्यालाही भीती वाटते, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी सांगत होतं. जयवंता गेली तेव्हा ती भीती त्यांनी एकटीनं भोगली होती, आणि त्यांना वाटायचं की ती फक्त आईच्याच वाट्याला येते. त्यांनी सुवर्णाला उचललं आणि शामलेच्या मांडीवर ठेवलं.

"धर वं पोरी. च्या ठेवते."

त्या आत गेल्या. स्टोव्हला पंप मारायला बसल्या आणि मारता मारता त्यांचा हात थांबला. सासूनं तेव्हा रडू नको म्हटलं होतं. आज कोणी काही म्हणत नव्हतं. बाहेरच्या खोलीत शामला सुवर्णाशी काहीबाही बोलत होती. गोपिकाबाई स्टोव्हपाशी बसून जयवंतासाठी पोटभर रडल्या, आणि प्रेमलता दाराशी आली तेव्हाही त्यांनी डोळे पुसले नाहीत.